१९३०च्या सत्याग्रही बाईचा पोशाख: खादीच्या लुगड्यापासून टकळीपर्यंत

स्वातंत्र्यदिन, क्रांतिदिन, शाळेची प्रभातफेरी, गावच्या हुतात्मा स्मारकावरचा कार्यक्रम. यात १९३०च्या चळवळीतली बाई दाखवायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी कपाटातली पैठणी बाहेर येते. नाकात मोत्यांची नथ, गळ्यात ठुशी, कपाळावर चंद्रकोरीची टिकली. हा पोशाख सुंदर आहे आणि मराठीही आहे, पण तो लग्नकार्याचा आहे. मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांपुढे दिवसभर उन्हात निरोधनाला, म्हणजे पिकेटिंगला, बसलेली बाई अशी नटून घराबाहेर पडलेली नव्हती. तिचा पोशाख रोजचाच होता. बदललं होतं ते कापड, आणि त्या कापडासाठी तिनं घरातल्यांशी वाद घातलेला असण्याची शक्यता बरीच होती. ही बाई जशी होती तशी उभी करावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं तपशिलानं लिहिते आहे.

आधी बाई ठरवा, मग कापड

'जुन्या काळची मराठी स्त्री' असं कोणी नव्हतं. एक वर्ष, एक गाव, एक घर आणि एक वय ठरवलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली, ६ एप्रिलला गांधीजींनी मीठ उचललं. मुंबईच्या किनाऱ्यावर मीठ तयार करणाऱ्या पहिल्या तुकडीत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले या दोन स्त्रिया होत्या. १२ मे रोजी शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. सगळं एकाच वर्षातलं, पण प्रत्येक ठिकाणच्या बायकांचं नेसणं वेगळं.

चिरनेरचा प्रसंग करणार असाल तर तिथली बाई आगरी, कोळी किंवा कातकरी असेल. तिचं लुगडं पोटरीच्या वर, आखूड आणि कामाचं, अंगात पुढे गाठ मारलेली चोळी. तिला घोळदार ब्राह्मणी नऊवारी नेसवली तर प्रसंगच खोटा पडतो. गिरणगावातली कामगार बाई रंगीत सुती लुगड्यात असेल आणि खादी तिच्या खिशाला महाग पडेल, कारण हातसुताचं कापड गिरणीच्या कापडापेक्षा महागच होतं. कॉलेजात जाणारी मुलगी परकरावर गोल पातळ नेसलेली दाखवता येईल. या लेखात मी धरलेली बाई आहे गिरगाव किंवा दादरच्या चाळीतली, तिशीच्या आतली, लग्न झालेली, थोडं शिकलेली, १९३०च्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मिरवणुकीत उतरलेली. मध्यमवर्गीय घर असल्यामुळे नेसणं नऊवारीच.

विधवेची भूमिका करायची असेल तर स्वतंत्र अभ्यास करा. त्या काळी अनेक घरांत केशवपन आणि लाल आलवण, म्हणजे विधवेनं नेसायचं लाल वस्त्र, चालू होतं, त्याच वेळी केस राखलेल्या विधवाही सार्वजनिक कामात पुढे येत होत्या. कुंकू पुसलं की विधवा झाली, इतक्यावर हे भागत नाही.

फोटो कसे वाचायचे

मुंबईच्या मणिभवनात, गांधीजींचं १९१७ ते १९३४ या काळातलं मुंबईतलं मुक्कामाचं ठिकाण तेच, चळवळीचे फोटो पाहायला मिळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या वस्तू आणि वस्त्रं आहेत. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ सालचं, तिथे चरखे आणि खादीची साधनं जवळून बघता येतात. आणि घरातला जुना अल्बम या सगळ्यांइतकाच मोलाचा.

मात्र स्टुडिओतला फोटो आणि रस्त्यावरचा फोटो वेगळे काढा. स्टुडिओत जाताना बाई ठेवणीतलं नेसून, असतील-नसतील ते दागिने घालून जायची. आपल्याला हवा आहे रस्त्यावरचा फोटो, मिरवणुकीचा, गर्दीतला. त्यात पदर कसा घेतलाय, बाही कुठे संपतेय, पायात काही आहे का, हे पाहा.

रंगाचा अंदाज कृष्णधवल फोटोवरून बांधू नका. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल काठ आणि कुंकू काळं उमटायचं आणि निळा रंग फिकट, जवळजवळ पांढरा. फोटोत काळा काठ दिसला म्हणून काळाच काठ घ्यायला जाल तर प्रत्यक्षात तो लाल असू शकतो.

कापड: इथेच खर्च करा

पैसे मोजके असतील तर ते सगळे कापडावर घाला. दागिने खोटे चालतील, कापड खोटं चालत नाही. ते कसं पडतं, कसं चुरगळतं, घामानं अंगाला कसं चिकटतं, हे दहा पावलांवरून कळतं.

पॉलिएस्टरचा धागा १९४१मध्ये शोधला गेला आणि नायलॉन जगापुढे आला तो १९३८ साली, म्हणजे आपल्या बाईच्या अंगावर दोन्ही असणं अशक्य. आज 'खादी' म्हणून मिळणाऱ्या कापडातही पॉलिवस्त्र असतं, त्यात ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत. दुकानात विचारा, खादी मार्क बघा आणि शंका असेल तर दशीतले, म्हणजे कापडाच्या टोकाचे सुटे, दोन-चार धागे घरी जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. हे सिंकजवळ, चिमट्यात धरून करा.

खादी हातसुताची असल्यामुळे तिच्यात जाड-बारीक धागे दिसले पाहिजेत. १९३०ची खादी आजच्या मलमली खादीपेक्षा बरीच जाड होती. अखिल भारतीय चरखा संघ १९२५मध्ये स्थापन झाला आणि सुताचा दर्जा हळूहळू सुधारत गेला, तरी सामान्य घरात आलेलं लुगडं भरड आणि वजनदारच असायचं. नऊ वार भरड खादी ओली झाल्यावर वाळत घालणं म्हणजे काय, ते एकदा घरी करून बघा. ती नेसायचा निर्णय बायकांना किती जड गेला असेल ते तेव्हा उमगतं. म्हणून फार बारीक, पारदर्शक खादी घेऊ नका.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. तयार खादी नऊवारी सहज मिळत नाही. त्यावर सोपा उपाय आहे: बारीक रंगीत काठाची खादी धोतरं. एक धोतर साधारण चार ते साडेचार मीटर भरतं, पन्हा म्हणजे रुंदीही पुरते. दोन सारखी धोतरं घेऊन मधे दंड घाला, म्हणजे ती एकमेकांना शिवून जोडा. ही तडजोड वाटू देऊ नका. विरलेल्या लुगड्याचे धड भाग दंड घालून वापरणं घरोघर चालायचं. खादीच्या बाबतीत तर सुरुवातीला पन्ह्याचीच अडचण होती. साबरमती आश्रमात पहिल्यांदा विणलेल्या खादीचा पन्हा जेमतेम ३० इंच होता आणि ४५ इंची धोतर मिळावं म्हणून गांधीजींना खास आग्रह धरावा लागला होता. दंड नेसताना कमरेशी, निऱ्यांच्या आत जाईल असा ठेवा.

रंग पांढरा, पण कोरा पांढरा नको. सवाष्णीच्या लुगड्याला लाल, हिरवा किंवा निळा काठ हवा. मुंबईच्या देशसेविका, म्हणजे चळवळीतल्या स्वयंसेविका, केशरी साड्यांसाठी ओळखल्या जात, तशी तुकडी उभी करायची असेल तर कापड केशरी रंगवून घ्या. पळसाच्या सुक्या फुलांचा रंग सुंदर चढतो. फुलं कापडाच्या वजनाइतकी घ्या, रात्रभर भिजवून उकळा, गाळा आणि आधी तुरटीच्या पाण्यातून काढलेलं कापड त्यात मंद आचेवर तासभर ठेवा. रंग पिवळसर केशरी येतो आणि उन्हानं विटतो. वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर सरळ रंगाऱ्याकडे द्या. कृत्रिम रंग तेव्हा बाजारात सर्रास होते, त्यामुळे त्यानं काही बिघडत नाही.

शिवण्यापूर्वी सगळं कापड दोनदा धुवा. खादी आटते. नवेपणाची खळ गेल्यावर हलकी पेज लावून, अर्धवट ओलं असताना हातानं ताणून घडी घाला आणि रात्रभर गादीखाली ठेवा. कडक इस्त्रीची धारदार घडी या लुगड्यावर शोभत नाही.

आजीचं खरं जुनं लुगडं घरात असेल तर ते नेसून मिरवणुकीत जाऊ नका. ऐंशी-नव्वद वर्षांचं कापड, विशेषतः रेशीम, घडीवर फाटतं आणि पुन्हा जोडता येत नाही. त्याची लांबी, पन्हा, काठाची रुंदी मोजून लिहून ठेवा, फोटो काढा आणि धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून परत ठेवा, घडी मात्र दुसऱ्या जागी मोडून.

पोलकं

सगळ्यात जास्त पोशाख इथे फसतात. आजचा शिंपी न विचारता अस्तर, कटोरी, खोल पाठ आणि मागे हूक देतो. १९३०चं पोलकं सैल असायचं, कमरेपर्यंत लांब, गळा मानेजवळ, पुढून उघडणारं. बाही कोपरापर्यंत किंवा त्याच्या दोन बोटं खाली. बाहीच्या टोकाला बारीक झालर किंवा लेस दिसते, पण खादीव्रती बाईला परदेशी लेस वर्ज्य, म्हणून साधी दुमड पुरे. पोट आणि पाठ दिसता कामा नये.

शिंप्याला सांगायच्या गोष्टी: छातीला मापापेक्षा चार इंच सैल, पुढे टोकदार टक्स नकोत, खांद्याजवळ दोन-तीन चुण्या चालतील. बटणं शिंपल्याची किंवा कापडानं मढवलेली, नाहीतर टिचबटणं. साखळी म्हणजे झिप मुळीच नको. आत ओव्हरलॉक नको, शिवण दुमडून दुहेरी घाला आणि खालची पट्टी हातानं तुरपा. बाही दुमडली गेली की आतलं ओव्हरलॉक बाहेर डोकावतं, आणि तेवढ्यानं ते पोलकं आजचं ठरतं. दोराही सुती घ्या. पॉलिएस्टरच्या दोऱ्याची चकाकी खादीवर उठून दिसते.

आत साधी, मऊ, सुती बॉडी. पॅड असलेली आजची ब्रा घातली तर वरचं पोलकं कितीही बिनचूक असो, आकार आजचाच दिसतो. हे बऱ्याच जणींना अवघड वाटतं, पण पोलकं सैल आणि पदर दोन्ही खांद्यांवरून असल्यामुळे अंग पूर्ण झाकलेलं राहतं.

नेसणं

शिवलेली नऊवारी वापरू नका. तिच्या निऱ्या एकसारख्या, इस्त्री केलेल्या, आणि कासोटा शिलाईनं बसवलेला असतो. बसल्या-उठल्यावर लुगडं सरकतं, बाई ते नकळत सावरते, पदर ओढते, ओचा पुन्हा खोचते. ही सगळी हालचाल शिवलेल्या साडीत नाहीशी होते आणि तीच तर आपल्याला हवी आहे.

नेसणं वाचून पूर्ण येत नाही, नेसणाऱ्या एखाद्या मावशीच्या हाताखाली शिकावं. तरी क्रम सांगते. नऊवारीखाली परकर नसतो. आजच्या सोयीसाठी घट्ट सुती अर्धी चड्डी घाला. लुगडं पाठीमागून कमरेशी धरा, एका बाजूला पदराचं टोक, दुसऱ्या बाजूला उरलेलं. पदर आधी मोजा. तो कमरेला वेढा घेऊन डाव्या खांद्यावर आणि तिथून पाठीवरून उजव्या खांद्यापर्यंत आला पाहिजे, म्हणजे अंगकाठीप्रमाणे साडेतीन मीटरच्या आसपास. आता दोन्हीकडचे वरचे काठ बेंबीपाशी ओढून पक्की गाठ मारा. सगळं लुगडं या एका गाठीवर उभं असतं, ती सैल वाटली तर पुढे जाऊ नका, सोडून पुन्हा मारा. उरलेल्या कापडाच्या निऱ्या करून गाठीशी खोचा. निऱ्यांचा मधला खालचा काठ पायांमधून मागे न्या, चुण्या करा आणि कण्याच्या बरोबर मध्यावर कासोटा खोचा. पुढच्या निऱ्या थोड्या उचलून पोटाशी खोचल्या की ओचा झाला. लुगड्याची खालची कड घोट्यापर्यंत यावी.

आपल्या गिरगावच्या बाईनं घराबाहेर पडताना पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला असेल. डोक्यावरून पदर ही मराठा आणि इतर अनेक घरांतली रीत. ब्राह्मण घरातल्या सवाष्णी सहसा डोकं उघडं ठेवत. तुमची बाई कुठल्या घरातली ते आधीच ठरलेलं असल्यामुळे इथे गोंधळ होणार नाही. पदराला पिन लावू नका. टाचणी तेव्हाही होती, पण खांद्यावर प्लीट करून पिन मारण्याची पद्धत नव्हती. पदर हातानं आणि सवयीनं सांभाळला जायचा.

केस, कुंकू, दागिने

खोबरेल लावून मधोमध भांग पाडा आणि मानेच्या जरा वर अंबाडा घाला, आकड्यांनी पक्का करा. केस आखूड असतील तर गंगावन वापरा. ते तेव्हाही वापरत, त्यामुळे ही चोरी नव्हे. कपाळावरच्या कापलेल्या बटा तेलानं मागे बसवा. फूल माळायचंच तर अबोलीची लहान वेणी किंवा एखादा सोनचाफा. गजऱ्यांचे थर नकोत.

कुंकवाची टिकली चिकटवू नका. कपाळावर बोटानं मेणाचा छोटा गोल ठिपका लावा, मधाच्या पोळ्याचं मेण थोड्या खोबरेलात पातळ केलं तरी चालतं, आणि त्यावर पिंजर, म्हणजे कोरडं कुंकू, टेकवा. जास्तीचं फुंकरीनं उडवा. कडा किंचित विस्कटलेली राहते, तीच खरी. नखांना रंग, कोरलेल्या भुवया, ओठांना लाली, काजळाची लांब रेघ, हे सगळं बाजूला. भुवया कार्यक्रमाआधी महिनाभर कोरल्या नाहीत तर पुरतं.

गळ्यात काळ्या मण्यांचं, दोन वाट्यांचं, दोऱ्यात ओवलेलं आखूड मंगळसूत्र. आजची बारीक सोन्याची साखळी आणि खड्यांचं पदक नको. कानात मोत्यांच्या कुड्या. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, घर जरा बरं असेल तर सोबत पाटल्या. पायात जोडवी. बस्स. नथ घरी राहू द्या. गांधीजी सभांमधून बायकांकडे दागिने मागत आणि बायका ते उतरवून देत, हेही लक्षात ठेवा. मोकळे कान किंवा एकाच हातात पाटली, एवढ्यावरूनही पाहणाऱ्याला बरंच सांगता येतं.

चष्मा लागत असेल तर गोल, धातूच्या काड्यांचा शोधा. मनगटी घड्याळ काढून ठेवा.

पाय आणि हात

पायात साधी चामड्याची वहाण, शिवलेली, चामड्याच्याच तळव्याची. रबरी तळवा चालायला सोपा, पण आवाज आणि चाल दोन्ही बदलतात. अनवाणी चालणंही खरंच आहे, पण डांबरी रस्त्यावर मे महिन्यात लहान मुलींना अनवाणी चालवू नका.

हातात काय द्यायचं? टकळी, म्हणजे सूत काढायची हातातली चाती, आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची गुंडाळी. सभेत बसल्या बसल्या सूत काढणं ही त्या चळवळीची ओळखच होती. ती नुसती हातात धरली तर लगेच कळतं, म्हणून आठवडाभर रोज थोडा सराव करा. धागा तुटला तरी हरकत नाही, तुटलेला धागा जोडता आला पाहिजे. खांद्याला खादीची साधी झोळी, त्यात पत्रकं. सुटे पैसे कनवटीला. फोन ओच्यात जातो आणि तिथे दिसत नाही.

झेंड्याबाबत फार जपा. १९३० साली मिरवणुकांमध्ये असलेला काँग्रेसचा झेंडा वर पांढरा, मधे हिरवा आणि खाली लाल असा होता, त्यावर चरखा. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम काँग्रेसनं १९३१मध्ये स्वीकारला, त्यातही पांढऱ्या पट्ट्यावर चरखाच. अशोकचक्र आलं १९४७च्या जुलैत. १९३०च्या बाईच्या हाती आजचा राष्ट्रध्वज दिला तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते. १९४२चा प्रसंग असेल तर १९३१चा चरख्याचा झेंडा घ्या.

तालीम

कार्यक्रमाच्या निदान पंधरा दिवस आधी पूर्ण पोशाख घालून अर्धा दिवस घरात वावरा. पाणी भरा, जिना चढा, भाकरी करा, जमिनीवर मांडी घालून तासभर बसा. निरोधन म्हणजे मुख्यतः बसणं, पोलीस उचलायला आले तरी न हलणं. म्हणून दोघींनी हाताला धरून उचललं तर गाठ टिकते का, कासोटा सुटतो का, पोलकं काखेत उसवतं का, हे आधीच पाहा. काखेत उसवत असेल तर तिथे चौकोनी कळी घालून घ्या. या अर्ध्या दिवसात कापडाला पडलेल्या सुरकुत्या आणि पाण्याचे डाग तसेच राहू द्या, कार्यक्रमाआधी फक्त साध्या पाण्यातून काढा.

गटानं करणार असाल तर सगळ्यांची लुगडी एकाच थानातून कापू नका. मिरवणुकीत दहा जणींचे दहा काठ हवेत, एकीचं लुगडं नवं, एकीचं विरलेलं, एखादीचं खादी परवडत नाही म्हणून गिरणीचं. देशसेविकांची तुकडी असेल तरच सारखा केशरी रंग. आणि गटातल्या प्रत्येकीला तिच्या बाईचं नाव, वय, गाव आणि ती आज घरी काय सांगून बाहेर पडली आहे, एवढं ठरवून द्या. प्रेक्षकांतली मुलं नेमकं तेच विचारतात.

कार्यक्रमाच्या दिवशी सोबत ठेवा: दोन सुया, पांढरा आणि काठाच्या रंगाचा सुती दोरा, जास्तीचे आकडे, मेण आणि पिंजर, हिरव्या बांगड्यांचा एक जोड आणि पाण्याचा तांब्या. कार्यक्रम संपला की लुगडं त्याच संध्याकाळी साध्या पाण्यात खळबळून काढा. रंगवलेलं असेल तर सावलीत वाळवा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका, खादीला बुरशी लवकर लागते.